मे महिन्याची पुस्तकपेटी

मुलांनो, परीक्षा संपली. पेपर कसे गेले हे मी मुळीच विचारणार नाही. ते विचारायला लग्नात भेटणारे काका, मामा आणि आत्या आहेतच! आता दप्तर खुंटीला आणि समोर लांबलचक मे महिना. मामाचं गाव, आढीतले आंबे, करवंदं, विहिरीवर पोहायला शिकणं, विटीदांडू, गल्लीतलं क्रिकेट. दिवस कसा उजाडतो आणि कसा मावळतो ते कळतसुद्धा नाही.

पण दुपारचं काय? बारा वाजले की ऊन असं तापतं की अंगणात पाऊल ठेववत नाही. घरातली मोठी माणसं डोळ्यांवर रुमाल टाकून आडवी होतात. 'उन्हात जाऊ नका, आवाज करू नका' अशी तंबी मिळालेली असते. त्यातच लाइट जाते. पंखा बंद, टीव्ही बंद, आणि मोबाइलची बॅटरी तर सकाळीच संपवलेली! बारा ते चार हे चार तास काही केल्या सरत नाहीत. या चार तासांत सोबतीला घ्यायची पुस्तकं सांगायला मी आज आले आहे.

'बाई, सुट्टीतपण वाचायचं?' असं म्हणून नाक मुरडू नका. माझ्या वर्गातली मुलंही दर वर्षी हेच म्हणतात. म्हणून आधीच सांगते. या पुस्तकांच्या शेवटी स्वाध्याय नाहीत. समानार्थी शब्द लिहायचे नाहीत, गाळलेल्या जागा भरायच्या नाहीत आणि 'या गोष्टीतून कोणता बोध मिळाला?' असं कोणी विचारणार नाही. ही पुस्तकं वाचायची ती फक्त मजा येते म्हणून.

हलकं म्हणजे काय?

मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या शाळेत एक पत्र्याची पेटी आहे. वर्षभर ती वर्गाच्या कोपऱ्यात असते आणि निकालाच्या दिवशी व्हरांड्यात येते. प्रत्येकानं दोन पुस्तकं निवडायची, वहीत नाव लिहायचं आणि जून महिन्यात परत आणायची. निवड ज्याची त्यानं करायची. मी फक्त वहीत नोंद करते.

एका निकालाच्या दिवशी एक पालक मुलीला न्यायला आले होते. टेम्पो चालवतात. दिवसभराचा धंदा बुडवून आले होते. मुलीच्या हातातलं पुस्तक त्यांनी चाळलं आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "बाई, असलं हलकंफुलकं कशाला देता? सामान्यज्ञानाचं किंवा इंग्रजी बोलायचं काहीतरी द्या. पोरीची सुट्टी वाया जायला नको."

त्यांची काळजी खोटी नव्हती. आपल्याला शिकता आलं नाही, निदान पोरीनं तरी पुढं जावं, असं वाटणारा तो बाप होता. अशी काळजी करणारे आई-बाबा घरोघरी आहेत. त्यामुळे त्यांना मी जे सांगितलं, ते तुम्हां सगळ्यांना सांगते.

आपल्या भाषेत 'हलकं' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. हलकं कापड म्हणजे कमी प्रतीचं कापड. पण हलकी पिशवी म्हणजे जिचं ओझं होत नाही अशी पिशवी. गमतीची पुस्तकं हलकी असतात ती या दुसऱ्या अर्थानं. ती डोक्यावर बसत नाहीत. आणि ज्याचं ओझं होत नाही, ते घेऊन माणूस लांबपर्यंत चालू शकतो.

हे मला पुस्तकांनी नाही, चौथीतल्या एका मुलानं शिकवलं. त्याचं नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. गणितात हुशार, झाडावर चढण्यात गावात पहिला. पण वाचायला उभं केलं की घाम फुटायचा. एकेक अक्षर बोटानं धरून, ते जोडून शब्द करायचा. 'स्वातंत्र्य' आलं की गाडी चिखलात रुतल्यासारखी थांबायची. वाक्याच्या शेवटापर्यंत पोचायचा तेव्हा वाक्य कुठून सुरू झालं ते विसरलेला असायचा. मग वाक्याचा अर्थ लागणार कसा? आणि अर्थच लागत नसेल, तर वाचावंसं वाटणार तरी कसं?

आमची शाळा चौथीपर्यंतच. जूनपासून त्याला तीन किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत पाचवीला जायचं होतं. तिथं इतिहास, विज्ञान, सगळ्यांचीच पुस्तकं जाड होणार. वाचन असंच रखडलं तर तो मागे पडणार, मागच्या बाकावर बसणार आणि मग एक दिवस शाळेलाच रामराम ठोकणार, ही भीती मला होती. ती त्याच्या आईलाही होती.

निकालाच्या दिवशी त्यानं पेटीतलं सगळ्यात बारीक पुस्तक उचललं. बिरबलाच्या गोष्टींचं! मोठी अक्षरं, दीड-दोन पानांची एकेक गोष्ट, मध्ये चित्रं. त्याच्या आजीला वाचता येत नाही. दुपारी आजी शेंगा फोडायला बसली की हा शेजारी बसून तिला गोष्ट वाचून दाखवायचा. आजीला घाई नव्हती. तो अडला की ती म्हणायची, "असू दे, सावकाश. मग बिरबल काय म्हणाला?" बिरबल काय म्हणाला हे कळायला पुढचं वाक्य वाचणं भागच होतं! पुस्तक संपलं तसं आजीनं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी वेग वाढला. तिसऱ्या वेळी तो बादशहाचा आवाज काढून वाचायला लागला. गावात लग्नाला आलेली चुलतभावंडंही मग ऐकायला बसायची.

जूनमध्ये पुस्तक परत द्यायला आला तेव्हा मी त्याला एक गोष्ट वाचायला सांगितली. जोडाक्षराशी तो अजून अडखळत होता. जादू झाली नव्हती. पण तो थांबत नव्हता. अडखळून पुढं जात होता. आणि शेवटच्या ओळीआधीच त्याला हसू फुटलं होतं, कारण शेवटी काय येणार ते त्याला ठाऊक होतं.

मुलांनो, विनोदाची हीच तर गंमत आहे. एखादा धडा कळला की नाही हे पाहायला आम्हांला दहा प्रश्न विचारावे लागतात. विनोद कळला की नाही हे विचारावंच लागत नाही. जो हसला त्याला कळला! न कळता पाठ करता येतं, न कळता उत्तर लिहिता येतं, पण न कळता खरंखुरं हसता येत नाही. आणि वाचायचा वेग वाढतो तो सोपं, आवडीचं आणि भरपूर वाचूनच. सायकल शिकताना कोणी पहिल्या दिवशी घाटात जातं का? आधी मैदानात गोल गोल चकरा मारायच्या. गमतीची पुस्तकं म्हणजे ते मैदान.

चला, पेटी उघडू या

आता पेटीत काय काय आहे ते पाहू.

सगळ्यात जास्त मागणी 'फास्टर फेणे'ला. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा बनेश फेणे. अंगानं किडकिडीत, पण पायांत वारा भरलेला. संकट दिसलं की पळून जायच्याऐवजी संकटाच्या दिशेनं पळणारा. काही सुचलं की तोंडानं 'ट्टॉक' करणारा! हा फेणे प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, जंगलात जातो, चक्रीवादळातही सापडतो. त्याला जन्म दिला भा. रा. भागवतांनी. ते १९१० साली जन्मले आणि २००१ साली गेले. ज्यूल व्हर्न नावाच्या फ्रेंच लेखकाच्या चंद्रावरच्या आणि समुद्राखालच्या सफरीही त्यांनीच मराठीत आणल्या. फास्टर फेणेची पुस्तकं बरीच आहेत. कुठलंही आधी वाचलं तरी चालतं. त्याच्यावर १९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर मालिका आली होती आणि २०१७ साली चित्रपट आला. पण चित्रपट पाहिला असेल तरी पुस्तक वाचा. पुस्तकातला फेणे तुमच्या मनातल्या चेहऱ्याचा असतो.

त्याच्या शेजारी आहे ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या'. तीन भागांत त्याची गोष्ट आहे. आई-बाप नसलेला हा मुलगा एका घरात येतो आणि आपल्या हुशारीनं, प्रामाणिकपणानं आणि खोड्यांनीही त्या घरातलाच होऊन जातो. गोष्ट तुमच्या आजोबा-पणजोबांच्या काळातली आहे. त्यामुळे काही शब्द अडतील, काही वस्तू तुम्ही पाहिलेल्या नसतील. अडलं तर सोडून पुढं जा, नाहीतर आजोबांना विचारा. आजोबा एक शब्द सांगता सांगता स्वतःच्या लहानपणाच्या चार गोष्टी सांगतील. त्या तर कुठल्याच पुस्तकात मिळायच्या नाहीत! ताम्हनकरांनी 'चिंगी'ही लिहिली. मुलींनो, ती शोधा.

मग येतो 'बोक्या सातबंडे'. नावावरूनच ओळखलं असेल, हा काही गुपचूप बसणारा प्राणी नाही. बोक्या खोडकर आहे, पण त्याच्या खोड्यांमागं बहुतेक वेळा कुणाचं तरी भलं करायची धडपड असते. ही पुस्तकं लिहिली दिलीप प्रभावळकरांनी. हो, तेच, नाटक-सिनेमात दिसणारे! बोक्या आधी रेडिओवरून मुलांना भेटला आणि नंतर पुस्तकांत आला. २००९ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला. गोष्टी संवादांनी भरलेल्या आहेत. दोघांनी मिळून वाचायला एकदम झकास. एकानं बोक्या व्हायचं आणि दुसऱ्यानं बाकी सगळे.

याच प्रभावळकरांनी दूरदर्शनवर चिमणरावांचं काम केलं होतं. त्या वेळी तुमचे आई-बाबा लहान असतील किंवा जन्मलेही नसतील. चिमणराव आणि त्यांचा भाऊ गुंड्याभाऊ यांच्या गोष्टी लिहिल्या चि. वि. जोशी यांनी. चिमणरावांच्या बायकोचं नाव काऊ आणि मुलांची नावं मोरू, मैना नि राघू. घर आहे की पक्ष्यांचं झाड! जिथं हात लावतील तिथं घोटाळा करणारे चिमणराव आणि अंगात ताकद नि डोक्यात राग भरलेले गुंड्याभाऊ. ही पुस्तकं सहावी-सातवीच्या पुढच्या मुलांसाठी. भाषा जुनी आहे, म्हणून पहिली गोष्ट घरातल्या मोठ्या माणसाकडून वाचून घ्या. मोठं माणूस मध्येच हसायला लागून वाचायचं थांबलं, तर धीर धरा!

लहान मुलांनो, म्हणजे पहिली ते तिसरीवाल्यांनो, तुमच्यासाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आहेत. 'यश' नावाच्या छोट्या मुलाच्या गोष्टी, 'राधाचं घर' ही छोटी छोटी पुस्तकं, आणि चित्रंही त्यांचीच. त्यांत राक्षस नाहीत, राजवाडे नाहीत. तुमच्याच घरासारखं घर आहे, आई आहे, बाबा आहेत, रुसवेफुगवे आहेत. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आणि विंदा करंदीकरांच्या कविता तर विसरूच नका. 'एटू लोकांचा देश' नावाचं त्यांचं पुस्तक आहे. त्या देशातलं सगळं आपल्या उलटंपालटं. कविता मोठ्यानं म्हणायच्या. अर्थ लागला तर ठीक, नाही लागला तर ताल तरी लागतोच.

मोठ्या माणसांनी लिहिलेली गंमत

आता एक गंमत सांगते. ती आई-बाबांनाही वाचून दाखवा.

चिमणरावांच्या फजितीच्या गोष्टी लिहिणारे चि. वि. जोशी कोण होते? बडोद्याच्या कॉलेजात पाली भाषेचे प्राध्यापक. पाली म्हणजे ज्या जुन्या भाषेत बौद्ध धर्माचे ग्रंथ आहेत ती भाषा. दिवसभर एवढे गंभीर ग्रंथ वाचणारा विद्वान माणूस हातात लेखणी घेऊन काय लिहायचा, तर चिमणरावांचे घोटाळे!

एटू लोकांची गाणी लिहिणारे विंदा करंदीकर कोण? इंग्रजीचे प्राध्यापक आणि मराठीतले फार मोठे कवी. त्यांना २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. हा आपल्या देशातला साहित्याचा फार मोठा मान आहे. त्यांना मुलांसाठी गमतीच्या कविता लिहिण्यात कमीपणा वाटला नाही.

तिसरे जयंत नारळीकर. कोल्हापुरात जन्मलेले जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ. पुण्यात 'आयुका' ही संस्था उभारणारे. २०२५ साली ते गेले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला हळहळ वाटली. त्यांनी मराठीत विज्ञानकथा लिहायला सुरुवात कशी केली ठाऊक आहे? १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा घेतली होती. नारळीकर तेव्हाच नावाजलेले होते. आपलं नाव पाहून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं. जयंत विष्णू नारळीकर, म्हणजे ज. वि. ना. ही अक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली. आपलं अक्षर कोणी ओळखू नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली! तरी पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. त्यांचं 'यक्षांची देणगी' हे पुस्तक आठवीच्या पुढच्या मुलांनी जरूर वाचावं. विज्ञानाचा धडा वाचतोय असं मुळीच वाटत नाही. पुढं काय होणार या धास्तीनं पान उलटावं लागतं.

आणि चौथे आपल्या महाराष्ट्राबाहेरचे, बंगालचे सत्यजित राय. त्यांच्या चित्रपटांना जगभर मान मिळाला. १९९२ साली त्यांना ऑस्करही मिळालं. त्यांच्या आजोबांनी १९१३ साली 'संदेश' नावाचं मुलांचं मासिक काढलं होतं. ते बंद पडलेलं मासिक राय यांनी १९६१ साली पुन्हा सुरू केलं, आणि त्यात लिहायला म्हणून फेलूदा नावाचा गुप्तहेर निर्माण केला. फेलूदाच्या गोष्टी अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. चोरी कोणी केली हे फेलूदाच्या आधी ओळखायचा प्रयत्न करा. जमलं तर मला कळवा. अजून मला जमलेलं नाही!

आता सांगा, एवढी मोठमोठी माणसं जर मुलांना हसवण्यासाठी, रमवण्यासाठी आपला वेळ देत असतील, तर त्या पुस्तकांना 'वेळ वाया घालवणारी' म्हणायचं का?

हसता हसता थोडं गप्प करणारी

काही पुस्तकं हसवतात आणि शेवटी थोडं गप्पही करतात. 'तोत्तोचान' हे तसं पुस्तक. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी स्वतःच्या लहानपणाची ही गोष्ट लिहिली आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ती मराठीत आणली. तोत्तोचान ही फार बडबडी मुलगी. खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या बँडवाल्यांना हाका मारते म्हणून पहिलीतच तिला शाळेतून काढून टाकतात. मग आई तिला दुसऱ्या शाळेत नेते. त्या शाळेचे वर्ग कुठं भरतात? आगगाडीच्या जुन्या डब्यांत! तिथले मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिला म्हणतात, तुला जे सांगायचं ते सगळं सांग. आणि ती चार तास बोलते, ते चार तास ऐकतात. डब्यात काय आणायचं याचाही त्या शाळेत नियम होता : काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरातलं. पुढं युद्धात बॉम्ब पडून ती शाळा जळाली. हे पुस्तक मुलांनी वाचावं, आणि मुलांचं झालं की आम्हां शिक्षकांनीही वाचावं.

आठवी-नववीच्या दादा-ताईंसाठी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. त्यात लंपन नावाचा मुलगा आजी-आजोबांकडं राहायला येतो. त्या भागात मराठी नि कानडी शेजारी शेजारी नांदतात. लंपनच्या डोक्यात जे विचार येतात ते वाचून हसू येतं, आणि लगेच वाटतं, अरे, मलाही असंच वाटतं की! एकदा लंपन आवडला की 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही पुढची पुस्तकं आहेतच.

पुस्तकं मिळणार कुठं?

'बाई, तुम्ही नावं सांगितलीत, पण आणायची कुठून?' बरोबर आहे. सगळ्यांनाच पुस्तकं विकत घेता येत नाहीत, आणि घ्यायलाच हवीत असंही नाही.

पहिली जागा म्हणजे गावातलं किंवा जवळच्या बाजाराच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. खूप ठिकाणी बालविभाग असतो, पण तिथलं कपाट उघडायला कोणी येत नाही म्हणून ते बंद असतं. तुम्ही जाऊन मागा. आत तुमचाच फास्टर फेणे कोंडलेला असेल!

दुसरी जागा तुमची शाळा. सुट्टी लागण्याआधी बाईंकडं, गुरुजींकडं दोन पुस्तकं मागा. फाडणार नाही, हरवणार नाही असं सांगा आणि तसं वागा.

तिसरी जागा मित्र-मैत्रिणी. दहा जणांनी एकेक पुस्तक आणलं, तर प्रत्येकाला दहा पुस्तकं वाचायला मिळतात. हे गणित पहिलीतल्या मुलालाही पटेल. एक जुनी वही करा, कोणाचं पुस्तक कोणाकडं आहे ते लिहा. झालं तुमचं गल्लीचं वाचनालय! एकाला ग्रंथपाल करा. तो जरा कडक असलेला बरा.

चौथी जागा 'किशोर' मासिक. बालभारती १९७१ सालापासून ते काढते. त्याचे जुने अंक बालभारतीनं आपल्या संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवले आहेत. आईच्या किंवा बाबांच्या मोबाइलवर एखादा अंक उतरवून घ्या. म्हणजे मोबाइल हातात घेतला म्हणून ओरडाही बसणार नाही. निदान थोडा कमी बसेल!

वाचायचं कसं?

कसंही. झोपून, लोळून, आंब्याच्या फांदीवर बसून, एसटीच्या खिडकीशी. पहिली दहा पानं वाचा. नाही आवडलं तर खुशाल बाजूला ठेवा, दुसरं घ्या. त्यात काही पाप नाही. फार लांबलेलं वर्णन असेल तर गाळा. एकच पुस्तक चारदा वाचावंसं वाटलं तर चारदा वाचा. पुस्तकाचा शेवट आधी वाचायची खोड असेल तर तीही चालेल, फक्त तो दुसऱ्याला सांगू नका. आणि घरात ज्यांना वाचता येत नाही किंवा आता डोळ्यांनी दिसत नाही, अशी आजी-आजोबा असतील, तर त्यांना वाचून दाखवा. त्यांच्याइतका चांगला श्रोता सापडणार नाही.

आई-बाबांसाठी चार ओळी

आई-बाबा, मुलाच्या हातात गमतीचं पुस्तक दिसलं तर कृपया एवढं करा. 'काय शिकलास?' असं विचारू नका. 'मग पुढं काय झालं?' असं विचारा. 'आधी अभ्यासाचं वाच, मग गोष्टी' अशी अट घालू नका, कारण त्यातून मुलाला एवढंच कळतं की अभ्यास ही शिक्षा आहे. किती पुस्तकं वाचली म्हणून बक्षीस लावू नका. मुलं मग पानं उलटतात, वाचत नाहीत. शेजारच्या मुलीनं किती वाचली तेही काढू नका. आणि जमलं तर आठवड्यातून एखाद्या दुपारी स्वतः एक पुस्तक घेऊन मुलाशेजारी बसा. वर्तमानपत्र असलं तरी चालेल. वाच म्हणून सांगणाऱ्या मोठ्या माणसांपेक्षा स्वतः वाचणारी माणसं पाहून मुलं लवकर वाचायला लागतात.

ज्या मुलाला हसता हसता शंभर पानं संपवता येतात, त्याला पुढं इतिहासाचं जाड पुस्तक पाहून धडकी भरत नाही. पानं संपतात हे त्यानं स्वतः अनुभवलेलं असतं. आमच्या गावातल्या त्या मुलाचं सांगायचं, तर तो आता आठवीत आहे. पहिला नंबर वगैरे येत नाही. पण तो मागच्या बाकावर बसत नाही आणि शाळा सोडायचं नाव काढत नाही. गेल्या सुट्टीत आमच्या पेटीतला फास्टर फेणे तो मागून घेऊन गेला. ते पुस्तक अजून परत आलेलं नाही, कारण त्याच्याकडून ते त्याच्या मोठ्या शाळेतल्या मित्रांमध्ये फिरत आहे. माझ्या वहीत त्याच्या नावापुढं 'बाकी' असंच लिहिलेलं आहे, आणि ते खोडायची मला घाई नाही.

तर दोस्तांनो, आज दुपारी घरात शोधायला लागा. कपाटात, माळ्यावर, ताईच्या जुन्या दप्तरात एखादं पुस्तक नक्की सापडेल. सुट्टीत वाचलेल्या पुस्तकांपैकी कोणत्या पुस्तकानं तुम्हांला सगळ्यात जास्त हसवलं, ते शाळा सुरू झाल्यावर आपल्या बाईंना किंवा गुरुजींना सांगा. फक्त पुस्तकाचं नाव आणि हसू आलं ती जागा, एवढंच. निबंध लिहायचा नाही!